विरोध नोंदवून घ्यावा

माझ्या नोकरीत मी सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेला शब्द ‘सर्वानुमते’ हाच असणार. स्वतःच्या नावापेक्षाही जास्त. सही करताना नाव कसंबसं ओढायचो, पण ‘सर्वानुमते’ मात्र रफार-मात्रेसकट, ठसठशीत.

मी ग्रामसेवक होतो. जालना जिल्हा वेगळा झाला त्या एक्याऐंशी साली नोकरीला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत जिल्ह्याबाहेर गेलो नाही. शहरातली माणसं ग्रामसेवकाला तलाठी समजतात. तलाठ्याकडे जमिनीचं दप्तर, आमच्याकडे गावाचं. जन्ममृत्यूच्या नोंदी, दिवाबत्ती, घरपट्टी, पिण्याचं पाणी आणि सभा. सभेत माणसं बोलतात, ओरडतात, अंगावर जातात. त्या सगळ्यातून एक ठराव काढायचा, सूचक कोण, अनुमोदक कोण ते घालायचं आणि वर पाठवायचा. हे ज्या वहीत लिहितात तिला गावात प्रोसिडिंग म्हणतात.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते ग्रामसेवक निवृत्तीला आलेले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला धंद्याचं मर्म सांगितलं. “सभा आधी लिहायची, मग भरवायची. म्हणजे घोटाळा होत नाही.” शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या आणायचा, गणपूर्ती व्हायची, आणि ‘साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य अक्षर गिरवावं तसं मी गिरवायचो. कितीदा तर चर्चा झालेलीच नसायची. साधकही नाही आणि बाधकही नाही.

यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं. जांब समर्थकडच्या एका गावात विहिरीची जागा ठरत होती. एक म्हातारा उठून म्हणाला, तिथलं पाणी खारं लागेल, माझ्या बापानं तिथं खांदून पाहिलं होतं. लोक हसले. मी ‘सर्वानुमते’ लिहिलं. विहीर झाली, पाणी खारं लागलं, जनावरंसुद्धा तोंड लावीनात. दोन वर्षांनी कुणीतरी विचारलं, तेव्हा कुणी सांगितलं होतं का हो? मी वही उघडली. त्या म्हाताऱ्याचं नावच वहीत नव्हतं. मलाही ते आठवेना. आजही आठवत नाही.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या गावाचं. टेंभुर्णीपासून सायकलवर पाऊण तास. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या माणसांची मुलं-नातवंडं तिथं नांदतायत. सरपंच होते सोपानतात्या. जुनं घराणं, नाल्याकाठची काळी जमीन आणि आवाज असा की पारावर बोलायला लागले की देवळाच्या शिखरावरचे पारवे उडायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचं बोलून झालं की विषय संपला, असं त्यांना मनापासून वाटायचं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. शाळेला दोन खोल्या मंजूर झाल्या होत्या. तात्या म्हणाले, सडकेच्या कडेला माझी जागा देतो, बांधा. एसटी तिथं थांबते, मास्तर रोज वेळेवर येतील. मुद्दा रास्त होता. सभा सकाळी दहाला पारावर भरली. ठराव मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. तात्या बोलले, पाच-सहा जणांनी माना हलवल्या, देवळाच्या भिंतीला टेकून उभी असलेली एक बाई काहीतरी बोलली, दोघं-तिघं तिच्यावर ओरडले, आणि मी वही मिटली.

ती बाई पुढे आली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची गयाबाई. नवऱ्याबरोबर चार एकर कोरडवाहू करायची. तेव्हा चाळिशीची असेल. पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“साहेब, काय लिव्हलं ते वाचून दाखवा की.”

“ठराव लिहिलाय, बाई.”

“तोच वाचा. मला वाचता येत न्हाई म्हणून म्हणून राह्यले.”

मी वाचलं. साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.

“सर्वानुमते म्हंजी?”

“म्हणजे सगळ्यांच्या मतानं.”

मग रागानं नाही, खरोखर समजून घ्यायचंय अशा सुरात तिनं विचारलं, “मी तर न्हाई म्हणले व्हते. मंग सगळ्यात मी न्हाई का?”

इतक्या सरळ प्रश्नाला नियमांच्या पुस्तकात उत्तर असेलच, पण मी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. सोपानतात्या उठून निघाले होते, ते थांबले. मला वाटलं आता बाईचं काही खरं नाही.

“काय म्हणाली व्हती ती?” तात्यांनी मला विचारलं.

“मला ऐकू आलं नाही, तात्या.”

“मला पण न्हाई आलं.” ते परत येऊन बसले. “लिहा तिचं. आन् वाचून दाखवा.”

नोकरीत पहिल्यांदा मी एखाद्या माणसाचं म्हणणं तो बोलत असताना लिहून घेतलं. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीवरची पोरं सडकेला येऊ शकत नाहीत, म्हणून खोल्या वस्तीकडे बांधाव्यात. गयाबाईनं पोरांची नावं सांगितली, एकेक, बापाच्या नावासकट. मी ते सरकारी मराठीत, चढउतार न करता वाचून दाखवलं. आणि मला जाणवलं की पारावरचे सगळे ऐकतायत. तेच म्हणणं बाईच्या तोंडून आलं तेव्हा कुणाला ऐकू गेलं नव्हतं. त्याला नुसता आरडाओरडा समजले होते सगळे.

“बराबर लिव्हलं का?” तात्यांनी तिला विचारलं.

“बराबर.”

“मंग आता माझं ऐक. शाळा तिकडं नेली तर मास्तर येत न्हाई. बिगर मास्तराच्या खोल्या काय कामाच्या?”

“हे पण बराबर,” गयाबाई म्हणाली.

ठरलं असं की शाळा सडकेलाच, पण ओढ्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, टाकून मागायची, दोन्ही एकाच ठरावात. फरशी यायला तीन पावसाळे गेले. त्या तीन पावसाळ्यांत वस्तीवरच्या किती पोरांची शाळा सुटली हे मला माहीत आहे, कारण ती नावं माझ्याच हातानं वहीत लिहिलेली होती. गयाबाईची थोरली मुलगी त्यात होती.

पण त्या दिवसापासून गावाच्या सभेची रीत बदलली. तात्यांनीच हुकूम काढला की जो बोलेल त्याचं लिहायचं, वाचायचं, त्यानं बराबर म्हटलं की मगच दुसऱ्यानं तोंड उघडायचं. माझा हात हळू. मी लिहीत असताना सगळ्यांना थांबावं लागायचं, आणि त्या थांबण्यात अर्धं भांडण विझून जायचं. उठून उभा राहिलेला माणूस किती वेळ उभा राहणार? बसायचाच. मग गयाबाईनं आणखी एक भर घातली. एकदा दोघं जण एकमेकांना “तुला कळंना” म्हणून राहिले होते. ती म्हणाली, “साहेबांना त्रास काहून देता? याचं त्यानं सांगावं, त्याचं यानं. बराबर सांगितलं तर कळलं.” लोक हसले, पण दोघांनी करून पाहिलं. पहिल्याला दुसऱ्याचं सांगता येईना. तीनदा अडखळला. त्यानंतर ते पारावर रुजलंच. आधी समोरच्याचं, मग आपलं.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला भानुदासला. भानुदास हा आमचा कायमचा विरोधक. सभेला येतानाच म्हणायचा, “पहिले माझा विरोध लिहा, मंग विषय सांगा.” आता विषय ऐकल्याशिवाय, समोरच्याचं सांगितल्याशिवाय त्याला विरोध करता येईना. दोन सभा तो बिलकुल गप्प बसला. तिसऱ्या सभेत त्यानं दिवाबत्तीच्या ठरावाला असा अचूक विरोध केला की ठराव मागे घ्यावा लागला. घरी जाताना मला म्हणाला, “आयकून विरोध करायला लई टाईम लागतो हो, पण लागतो बराबर.”

पुढे माझी बदली अंबडला झाली. तिथंही ही रीत लावून पाहिली, जमली नाही. नुसत्या रीतीनं भागत नाही, ती पाळणारी माणसं लागतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी फिरून त्याच गावाला आलो, तेव्हा सोपानतात्यांच्या अंगावरून वारं गेल्याला वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू लुळी. आणि तो आवाज गेला होता. तोंडातून शब्द निघायचे, पण त्यांच्या बायकोशिवाय, वत्सलाकाकूंशिवाय, कुणाला ते उमगायचे नाहीत.

नेमकं तेव्हाच पाझर तलावाचं आलं. पाझर तलाव म्हणजे नाल्याला मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी. ते पाटानं द्यायचं नसतं. ते जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं. वस्तीवरच्या विहिरी माघातच तळ दाखवायच्या, बाया डोक्यावरून पाणी आणायच्या. तलावानं त्या विहिरी जगणार होत्या. आणि पाण्याखाली जाणार होती ती सोपानतात्यांची नाल्याकाठची आठ एकर काळी. काम पाहणाऱ्या खात्याची माणसं येऊन चुन्याच्या खुणा टाकून गेली होती. गावाचा ठराव हवा होता.

तात्यांचा मुलगा औरंगाबादला नोकरीला. त्याला शेतीत रस नव्हता. होऊन जाऊ द्या, म्हणाला. म्हणजे तात्यांची बाजू सांगायला माणूसच नव्हता. नवे सरपंच मला म्हणाले, “साहेब, यावेळी लिहून टाका आधीच. म्हाताऱ्याला बोलता येत न्हाई, उगीच तमाशा कशाला?” जुन्या सवयीनं मी वही उघडलीसुद्धा. मग मिटली. यात माझा मोठेपणा काही नाही. गयाबाई वाचून दाखवा म्हणेल, याची भीती होती.

सभेच्या दिवशी तात्यांना खाटेवर बसवून पारावर आणलं. सगळी वस्ती आली होती, बायामाणसांसकट. वस्तीच्या वतीनं बोलायला गयाबाई उठली. आता केस पांढरे झाले होते. तिनं सवयीनं सुरुवात केली, “आधी तात्यांचं सांगते.”

वस्तीतून कुणीतरी ओरडलं, “ते न्हाई बोलून राह्यले तर तू काहून बोलती? आपलं सांग अन् बस!”

“त्यांना बोलता येत न्हाई, म्हणून तर मला सांगावं लागतं,” ती म्हणाली. “तीन दिस त्यांच्या वसरीत जाऊन बसले मी. काकूंनी एकेक शब्द सोडवून सांगितला. आता आयका.”

आणि तिनं सांगितलं. ती जमीन तात्यांच्या आजानं दगड वेचून केली, चार माणसांचं आयुष्य त्यात गेलं. गावात दुष्काळ पडला तरी त्या आठ एकरांत ज्वारी झाली आणि ती अख्ख्या गावानं खाल्ली, वस्तीनंसुद्धा. वरच्या अंगाला खडकाळ पडीक आहे, तिथं तलाव होतो का हे कुणी पाहिलं नाही. आणि तात्या खाटेवर पडलेले असताना त्यांच्या रानात चुना टाकला, त्यांना कुणी विचारलं नाही. इतकं ताकदीनं सांगितलं की वस्तीवरच्या बायांचे चेहरे उतरले. मी लिहायचं थांबून तिच्याकडे पाहत राहिलो. ही बाई स्वतःच्या विहिरीचं पाणी हातानं लोटून देत होती. वकिलांना मी कोर्टात बोलताना ऐकलंय, पुढाऱ्यांना सभेत ऐकलंय. समोरच्याची बाजू इतक्या इमानानं मांडलेली मी पुन्हा पाहिली नाही.

सांगून झाल्यावर ती खाटेकडे वळली. “बराबर का, तात्या?”

तात्यांनी मान हलवली. नाही.

ती गोंधळली. “काही राह्यलं?”

तात्या काहीतरी बोलले. काकूंनी कान लावला, त्यांनाही उमगलं नाही. पुन्हा बोलले. मग तात्यांनी डाव्या हातानं काठी मागितली आणि खाटेवरूनच पुढच्या फुफाट्यात रेघ ओढली. वाकडी, थरथरती. ती बांधाची. तिच्या डाव्या टोकाला एक खूण केली. तिथून काठी खाली खाली ओढत नेली आणि शेवटी लहान लहान ठिपके काढले. एक, दोन, चार, सहा.

गयाबाई वाकून पाहत होती. मला काही कळेना. मग ती हळूच खाली बसली.

“ही आमची वस्ती हाय,” ती म्हणाली.

तलाव भरला की जादा पाणी काढून द्यायला एका अंगाला वाट ठेवतात, तिला सांडवा म्हणतात. चुन्याच्या खुणांप्रमाणे सांडवा डाव्या अंगाला होता. तात्या सांगत होते की त्या अंगाची माती पोकळ आहे. मोठ्या पाण्यानं ती कापली जाईल आणि पाणी थेट वस्तीतून निघेल. साठ वर्षं त्यांनी त्या रानात पाण्याची चाल पाहिली होती.

“भ्या दावून राह्यलेत!” मागून आवाज आला. “तळं व्हऊ नये म्हणून!”

गयाबाई उठून उभी राहिली. “दावत असतील. पन माती पोकळ हाय का न्हाई, हे खांदून कळंल. भांडून न्हाई कळायचं.” मग माझ्याकडे वळली. “साहेब, तात्यांचं पाचवं लिहा. पुरं लिहा.”

मी लिहिलं, वाचलं. तात्यांनी डोळे मिटून मान हलवली. हो.

मग ती स्वतःचं बोलली. फार थोडं. तलाव पाहिजे, कारण माघ ते मृग बायांच्या माना मोडतात. वरच्या पडिकात ती स्वतः जाऊन आली होती. तिथं पाणी येतं थोडं आणि थांबत नाही. तात्यांचं नुकसान खरं आहे, ते तिला नाकारता येत नाही. तरी तलाव पाहिजे. सांडवा मात्र खांदून पाहून ठरवावा.

हात वर झाले. तलावाच्या बाजूनं बहुतेक सगळं गाव. विरोधात अकरा. त्यात एक डावा हात, तात्यांचा. एक भानुदासचा. मी लिहिलं, बहुमताने मंजूर, आणि खाली सोपानतात्यांचा विरोध पाचही कारणांसकट.

विरोधाखाली सही लागत नाही. पण तात्यांनी खूण करून वही मागितली. काकूंनी शाईचा पॅड पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. अंगठा नको होता. डाव्या हातात पेन घेऊन ते नाव लिहायला लागले. एकेका अक्षराला केवढा वेळ! मतं मोजून झाली होती, सभा संपली होती, बायांना स्वयंपाक होते, गडीमाणसांना रान होतं. कुणी उठलं नाही. ज्यांनी त्यांच्या विरुद्ध हात वर केला होता तेही उभे राहिले नाहीत. गयाबाई वही धरून बसली होती, पान हलू नये म्हणून.

महिनाभरानं इंजिनिअर आले, हातात माझ्या प्रोसिडिंगची नक्कल. तरुण माणूस होता. म्हणाला, “ठरावासोबत विरोधाची कारणं जोडून आलेली मी पहिल्यांदा पाहिली. हे पाचवं कारण तपासायला आलोय.” डाव्या अंगाला खड्डा घेतला. दोन हातांवर पांढरी माती लागली, मुठीत धरली की चुरा व्हायची. उजव्या अंगाला कठीण मुरूम निघाला. सांडवा उजवीकडे गेला.

तलाव झाला. तात्यांची आठ एकर पाण्याखाली गेली, ती गेलीच. इथं मला काही गोड करून सांगता येत नाही. मावेजा, म्हणजे भरपाईचा पैसा, मिळाला, जमीन मिळाली नाही. बांधाचं काम चालू होतं तेव्हा त्यांनी त्या बाजूचं खिडकीचं दार लावून घेतलं होतं, असं काकू म्हणाल्या. पुढच्या वर्षी भाद्रपदात तीन दिवस झड लागली. तलाव तुडुंब भरला, सांडवा धो धो वाहिला, आणि पाणी खडकावरून वस्तीला वळसा घालून नाल्यात गेलं. उंबऱ्याला लागलं नाही कुणाच्या.

पाऊस उघडल्यावर मी गावात गेलो, तर गयाबाई तात्यांच्या घरून येताना भेटली. पायात चिखल, पदर खोचलेला.

“सांगायला गेल्ते,” ती म्हणाली. “म्हणले, तात्या, तुमच्या सांगण्यानं सांडवा फिरला, पाणी बाजूनं गेलं.”

“मग काय म्हणाले?”

“काय म्हणतील? तळं नकोच व्हतं म्हणाले.” ती हसली नाही. “मी पन म्हणले, पाहिजेच व्हतं. काकू शब्द सोडवून देत व्हत्या, तास गेला त्याच्यात. मंग काकूंच्या हातून चहा दिला, आन् म्हणाले, तुझ्या रानातल्या खालच्या बांधाचा कोपरा कच्चा हाय, दगड लाव, न्हाईतर तिथून फुटंल.”

“आता कुठं निघालात?”

“दगड येचायला,” असं म्हणून ती ओढ्याच्या दिशेनं भराभर चालू लागली.